कमी बोलणाऱ्यांची मोबाईलने मोठी सोय झाली, पण माझ्या मुलीचं काय करू?

राणेनगरवाली

नमस्कार. मी ३४ वर्षांची. नाशिकला राणेनगरात राहते, अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. माहेर कळवण तालुक्यातलं. लहानपणापासून कमी बोलते. आजी म्हणायची, "या पोरीने तोंडात मिठाची गुळणी धरलीय." सासरी आल्यावर 'घुमी' हा शब्द ऐकला, तो जास्त लागला.

मला माणसं आवडत नाहीत असं अजिबात नाही. पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. ते जुळेपर्यंत समोरचा दुसऱ्याकडे वळलेला असतो.

२०१२ मध्ये पहिली नोकरी लागली तेव्हा शालिमारहून शेअर रिक्षाने घरी यायचे. रिक्षात गाणी जोरात लावलेली, मी मागच्या सीटवर मधोमध. लेखानगर मागे पडलं की पोटात गोळा यायचा, कारण आता "राणेनगरला थांबवा" म्हणायचं असायचं. मनातल्या मनात दोनदा म्हणून बघायचे. तिसऱ्यांदा तोंडातून निघायचं, पण इतकं हळू की शेजारच्या बाईलाही ऐकू जायचं नाही. मग पाथर्डी फाट्याला सगळे उतरायचे तिथे मीही उतरायचे आणि हायवेच्या कडेने उलट दिशेला चालत घरी यायचे. पावसाळ्यातसुद्धा. घरी कुणाला कधी सांगितलं नाही.

आता ॲपवर घराचा पत्ता टाकते, भाडं आधीच दिसतं, चालकाला चार आकडी ओटीपी सांगितला की झालं. घासाघीस नाही, थांबवा म्हणणं नाही. गॅस, वीजबिल, मुलीच्या डॉक्टरांची वेळ, सगळं असंच होतं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि सुट्ट्या पैशांवरून होणाऱ्या हुज्जतीतून मी सुटले. "तीन रुपये राहिले हो" हे मला कधीच म्हणता आलं नव्हतं.

कामातही तेच. पूर्वी पार्टीने आमचं बिल जीएसटी रिटर्नमध्ये दाखवलं की नाही, हे विचारायला एकेकाला फोन करावा लागायचा. आता जीएसटी पोर्टलवर टू-बी, म्हणजे पार्ट्यांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता, उघडते, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जुळवते, ज्यांचं दिसत नाही तेवढ्यांनाच बिलाच्या फोटोसकट मेसेज टाकते. महिन्याला चाळीस फोन व्हायचे, ते चार-पाचवर आले. साहेबांना वाटतं मी आता जास्त काम करते. काम तेवढंच आहे. फक्त प्रत्येक फोनआधी जो अर्धा तास धाकधुकीत जायचा, तो वाचला.

आणि बाबा. आमचे बाबा माझ्याहून कमी बोलतात. मी फोन केला की "बरी आहेस ना? घे, आईला देतो" एवढंच. मग भावाने त्यांना मोबाईल घेऊन दिला. सुरुवातीला बाबा नुसते फोटो पाठवायचे: कांद्याचं रोप, विहिरीतलं पाणी, चाळीत भरलेला कांदा, गाईचं वासरू. खाली एक अक्षर नाही. मीही फोटोच पाठवायचे, मुलीचा, गॅलरीतल्या तुळशीचा. असं वर्षभर चाललं. मागच्या मे महिन्यात अवकाळी पावसाने झोडपलं, त्या रात्री अकरा वाजता त्यांचा मेसेज आला: "२ तास पानी. चाळ कोरडी आहे. तू घाबरू नको." बाबा मला 'घाबरू नको' म्हणाले, हे आयुष्यात पहिल्यांदा. समोर बसून ते म्हणाले नसते आणि मलाही ऐकता आलं नसतं, मी उठून चहा टाकायला गेले असते. त्यांचा सातबारा मीच काढून देते, १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मिळतो. पूर्वी चारचौघांत विचारावं लागेल म्हणून बाबा उतारा काढायचंच पुढे ढकलायचे.

आता शंका. माझी मुलगी तिसरीत आहे, माझ्यासारखीच. परवा तिला सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींकडून कोथिंबीर आणायला पाठवलं. वीस मिनिटांनी रिकाम्या हाताने परत आली. दहाची नोट मुठीत धरून धरून ओली झाली होती. म्हणाली, "खूप लोक होते." सासूबाई म्हणाल्या, "आई सगळं मोबाईलवर मागवते, पोरगी काय शिकणार?" मी गप्प राहिले, कारण त्यांचं पूर्ण चुकीचं आहे असं मला वाटेना. मी गप्प असले तरी त्या रिक्षात, त्या रांगेत उभी राहिलेली आहे. हिच्या वाट्याला ते येणारच नाही. माझी सोय तिची अडचण होईल का? ज्यांचा असा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा.

निमाणीचा_किराणा

ताई, मी दुकानदार आहे, काउंटरच्या या बाजूचं सांगतो. आमचं दुकान वडिलांपासूनचं. संध्याकाळी सातला सात-आठ गिऱ्हाइकं एकदम असतात. जो ओरडून सांगतो त्याचं आधी निघतं. गप्प माणूस पिशवी धरून उभा असतो, तो मला दिसतो, पण हात ओरडणाऱ्याच्या मालाकडे जातो. वडील म्हणायचे, बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. ही म्हण आमच्याच दुकानात रोज खरी व्हायची आणि करणारे आम्हीच होतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी व्हॉट्सॲपवर याद्या घ्यायला लागलो. यादी जशी येते तशी लागते. तिथे मोठा आवाज, लहान आवाज नाही. तेव्हा मला एक गोष्ट कळली. आमच्याकडे एक गृहस्थ दहा वर्षं यायचे, नेहमी तेच घ्यायचे: तूरडाळ, साखर, चहा, पोहे, साबण. मला वाटायचं यांना एवढंच लागतं. पहिली यादी आली तर त्यात नाचणी, राळे, काळे मीठ, जवस! मी विचारलं, काका, कधी बोलला नाहीत? तर म्हणाले, "समोर दिसायचं नाही. आहे का विचारायला आणि तू नाही म्हणायला, मागे लोक उभे असायचे." दहा वर्षं माणूस जवस दुसरीकडून आणत होता. मी अजून ते विसरलो नाही.

पैसे मिळाल्याचं सांगणारा स्पीकर आहे ना, त्याचाही असाच उपयोग. पूर्वी मोबाईल दाखवून "दादा पैसे टाकले, बघा" म्हणावं लागायचं, मी गडबडीत असलो की माणूस ताटकळायचा. आता तो डबाच सांगतो. गिऱ्हाईक मान हलवतं, मी मान हलवतो.

पोरीचं म्हणाल तर तिला चिठ्ठी देऊन पाठवा. आमच्याकडे अजून चिठ्ठी घेऊन मुलं येतात. चिठ्ठी हातात असली की दुकानदार मुलाकडे बघतोच, कारण चिठ्ठी वाचावी लागते. गर्दी असली तरी वर केलेला हात दिसतो. मावशींना आधी एकदा कानावर घालून ठेवा. आणि सात वाजता पाठवू नका, चारला पाठवा.

अंबडचा_राजा

भीड भिकेची बहीण, असं जुनी माणसं उगाच नाही म्हणत. मोबाईल काढून घ्या आणि रोज बाजारात पाठवा. आठ दिवसांत बोलायला लागेल. आमच्या वेळी असे लाड नव्हते.

नाशिकरोडचे_काका

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत नाही. मी ६८ वर्षांचा आहे. मला आयुष्यभर बाजारात पाठवलं गेलं आणि मी आयुष्यभर कमीच बोललो. नोकरी केली, दोन मुली वाढवल्या, सगळं नीट झालं. बोलका मात्र झालो नाही.

आमच्या वेळीही अबोल माणसांच्या सोयी होत्याच, फक्त त्यांना कुणी तसं नाव दिलं नव्हतं. रेल्वेच्या आरक्षणाचा फॉर्म आठवा. गाडी नंबर, तारीख, नाव, वय, खालचा बर्थ हवा की वरचा, सगळं कागदावर. तो खिडकीतून आत सरकवायचा आणि तिकीट बाहेर यायचं. मी कितीतरी प्रवास एक शब्द न बोलता आरक्षित केले आहेत. बँकेची पैसे काढायची स्लिप, मनीऑर्डरचा फॉर्म, तेही तसंच. आणि वाचनालय! आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तिथे दोन तास बसलात तरी "का बसलात" असं कुणी विचारत नाही. तरुणपणी मला गावात सगळ्यात मोकळं तिथेच वाटायचं. आज मुलं ज्याला आपली जागा म्हणतात ती माझ्यासाठी ती होती.

सगळ्यात अवघड होता तो एसटीडी बूथ. काचेचं दार नीट लागायचं नाही, बाहेर चार माणसं उभी, समोर लाल आकड्यांचं मीटर पळतंय, आणि आपल्याला घरच्यांशी मनातलं बोलायचंय. मी "बरं आहे, ठेवतो" म्हणून बाहेर यायचो. आपले वडील "आईला देतो" म्हणतात ना, ते मला अगदी ओळखीचं वाटलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा कांदेपोह्यांच्या दिवशी मी चार वाक्यं बोललो असेन. मंडळींनी सौभाग्यवतींच्या घरी निरोप दिला, मुलगा जरा मुका वाटतो. लग्नाला सहा महिने होते. मी आंतर्देशीय पत्र पाठवलं. आतल्या घड्यांवर, कडेच्या चिकटवायच्या पट्टीपर्यंत लिहिलं होतं. त्यांचंही तसंच उत्तर आलं. लग्नाच्या दिवशी आम्ही एकमेकांना पुरते ओळखत होतो आणि मांडवात कुणालाच ते माहीत नव्हतं. म्हणून सांगतो, लिहून बोलणं हे बोलण्यापेक्षा हलकं नाही. आपण आणि वडील वर्षभर फोटो पाठवत होतात, तो पत्रव्यवहारच होता.

मुलीबद्दल एवढंच: तिला ढकलू नका आणि तिच्या वतीने उत्तरही देऊ नका. माझी आई माझ्या आधी उत्तर द्यायची, "त्याला भूक नाहीये, त्याला नको." मला भूक असायची.

सातपूरच्या_बाई

मी पालिकेच्या शाळेत शिकवते. आधी मुलीचं, मग एका वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहिणार आहे, ती कृपया वाचा.

वर्गात माझ्याकडे दोन प्रकारची गप्प मुलं येतात. एकाला बोलावंसंच वाटत नाही, ते खिडकीतून बघत मजेत असतं. दुसऱ्याला बोलावंसं वाटतं, ओठ हलतात, शब्द निघत नाही. बाहेरून दोघं सारखी दिसतात. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आज आपण सहज वापरतो, ती विभागणी कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ मध्ये सविस्तर मांडली. त्याच्या म्हणण्यात अंतर्मुख असणं हा आजार नव्हता, मनाचा ओढा आत असणं एवढंच होतं. भीती ही वेगळी गोष्ट. पहिल्याला तसंच राहू द्यावं, दुसऱ्याला हात द्यावा. तुमची मुलगी वीस मिनिटं तिथे उभी होती, लगेच परत आली नाही, यावरून ती दुसऱ्या प्रकारातली असावी असं मला वाटतं. अशा मुलांना मी आधी पाटीवर लिहायला सांगते, मग शेजारच्याला सांगायला, मग मला. वर्गाला सांगायची घाई करत नाही. मूल घरी भरभरून बोलतं पण शाळेत महिनोन् महिने एक शब्दही काढत नाही, असं असेल तर मात्र बालमानसतज्ज्ञांना दाखवावं. टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ वर फोन फुकट लागतो आणि मराठीतही बोलता येतं.

आता दुसरं. माझा धाकटा भाऊ तुमच्यासारखाच. एकटा राहतो, काम घरून, जेवण ॲपवरून. सोय चांगली, मीही कधी नावं ठेवली नाहीत. मागच्या वर्षी त्याला व्हिडिओ कॉल आला. पोलिसाच्या वेशातला माणूस, मागे कार्यालयासारखं दृश्य. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही." दोन दिवस तो खोलीत बसून राहिला. बोलका माणूस पाचव्या मिनिटाला शेजाऱ्याला हाक मारून विचारतो, "अरे, हे काय आहे?" माझ्या भावाला 'कुणाला सांगू नका' हे जडच गेलं नाही, कारण तो एरवीही कुणाला सांगत नाही. एक लाख ऐंशी हजार गेले. मी योगायोगाने डबा घेऊन गेले म्हणून तेवढ्यावर थांबलं. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून त्यातले काही गोठवता आले.

आपल्या कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. हे सगळं भावाला वाचून माहीत होतं. माहिती होती, विचारायला माणूस नव्हता. म्हणून आता आम्ही ठरवलंय: पैशांचा किंवा धाकाचा कुठलाही फोन आला की त्याने मला फक्त एक टिंब पाठवायचं. काही लिहायचं नाही, समजवायचं नाही. टिंब आलं की मी हातातलं टाकून फोन करते. आतापर्यंत तीन वेळा आलं. दोनदा बनावट फोन होते, एकदा खरंच बँकेचा होता. तुमच्यासारख्या सगळ्यांनी असा एक माणूस ठरवून ठेवा. फार मनापासून सांगते.

कॉलेजरोड_२०

ताई, मी इंजिनिअरिंगला आहे, सेम टू सेम. मला उपयोगी पडलेलं पटकन लिहितो. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत निळ्या टिका बंद करता येतात, मग लगेच उत्तर द्यायचं दडपण राहत नाही (ग्रुपमध्ये मात्र त्या दिसतातच, आणि दुसऱ्यांच्याही आपल्याला दिसत नाहीत). तिथेच 'ग्रुप'मध्ये जाऊन आपल्याला कोण ॲड करू शकतं ते ठरवता येतं. २०२२ पासून ग्रुप सोडला तर फक्त ॲडमिनला कळतं, अख्ख्या ग्रुपला नाही, त्यामुळे "का गेलीस गं" हे येत नाही. अनोळखी कॉल गप्प करायचंही सेटिंग आहे. आणि आपल्या सिटीलिंकचं ॲप घ्या, बस कुठे आली ते दिसतं, स्टॉपवर कुणाला विचारावं लागत नाही.

राजा दादा, मला आठवीत वक्तृत्व स्पर्धेत जबरदस्तीने उभं केलं होतं. आठ दिवसांत नाही, आठ वर्षांतही ती भीती गेलेली नाही.

राणेनगरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच दिवस लागले, त्याबद्दल क्षमा असावी. सगळं दोन-तीनदा वाचलं.

राजा भाऊ, तुम्ही वाईट हेतूने लिहिलं नाही हे समजतं. पण पाथर्डी फाट्यावरून मी दोन वर्षं रोज चालत आले. ढकलल्याने माणूस बोलायला लागत असता तर मी पहिल्याच आठवड्यात बोलले असते. मी फक्त भिजले.

काका, "मला भूक असायची" हे वाचून फोन बाजूला ठेवला. कारण मीही तेच करते. कुणी माझ्या मुलीला काही विचारलं की तिला त्रास नको म्हणून मी आधी उत्तर देते. त्रास तिचा की माझा, हे मला नीट सांगता येणार नाही. या रविवारी नणंदेने तिला विचारलं, "शिरा देऊ का?" आणि मी ओठ घट्ट मिटून बसले. बराच वेळ गेला. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मग ती म्हणाली, "थोडा. बेदाणे नको." तिला बेदाणे आवडत नाहीत हे मला माहीत नव्हतं, आठ वर्षं मी घालतेय.

बाई, तुमच्या भावाचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. मी माझ्या मिस्टरांशी आणि भावाशी टिंबाचं ठरवलं. बाबांनाही कळवलं. त्यांच्यासाठी टिंब नको म्हटलं, त्यांना ते सापडत नाही. त्यांनी विहिरीचा फोटो पाठवायचा, मी समजेन. त्यावर त्यांचा अंगठा आला.

किराणावाले दादा, काल चारला मावशींकडे गर्दी नव्हती. मी आधी जाऊन त्यांना सांगून आले होते, तेवढं बोलले. चिठ्ठी मी लिहायला घेतली तर मुलगी म्हणाली, मीच लिहिते. मी फक्त कोथिंबीर सांगितली होती. ती जिन्यावरून खाली गेल्यावर मी गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागे उभी राहिले. तिने चिठ्ठी पुढे केली, मावशींनी चष्मा लावून वाचली, काहीतरी विचारलं, हिने मान हलवली, मग बोट दाखवलं. वर आली तेव्हा पिशवीत कोथिंबिरीची जुडी होती आणि चार लिंबं. चिठ्ठी मावशींनी परत दिली होती. तिच्यात दुसऱ्या ओळीवर लिहिलं होतं: "लिंबू ४, पिवळे बघून."